खंडोजीच्या बोटांचं देवपण

सन १९०८च्या वैशाखात धारच्या एका सरदाराला मुलीच्या लग्नासाठी घर झगमगायला हवं होतं, पण त्यासाठी माणसं लावायची नव्हती. म्हणून त्याने पगडी बांधणाऱ्या खंडोजीलाच काचेच्या हंड्या पुसायला शिडीवर चढवलं. हंडी फुटली आणि खंडोजीचं उजवं मनगट खोलवर कापलं. सरदाराने काय केलं? गालिच्यावर रक्त सांडलं म्हणून नाक मुरडलं. असल्या लोकांच्या डोक्यावर खंडोजी वर्षानुवर्षं पगड्या चढवत आला होता. डोक्याच्या आत काही घालणं त्याच्या हातात नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म हुंगवून मनगट शिवलं. जखम भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेल्यासारखी झाली. टाचणी टोचा, चिमटा काढा, पत्ता नाही. पगडी बांधताना ओल्या कापडाने पीळ किती घेतला हे चिमटीलाच कळतं. ती चिमटी गेली म्हणजे खंडोजीचा धंदा गेला.

"ज्ञानतंतू तुटलाय," डॉक्टर म्हणाले. "टोकाला टोक शिवलंय मी. पण तुटल्याच्या खालचा भाग मरतोच. आतली नाडी कुजून गेली आणि रिकामा नेफा उरला असं समज. आता वरची नाडी त्या नेफ्यातून वाढत बोटापर्यंत यायची, तीही कधी चुकून दुसऱ्याच बोटात शिरते."

"ओढून घ्या ना मग."

"ती कुणाला ओढता येत नाही. महिन्याला इंचभर सरकते. तोवर हात विस्तवापासून जप. भाजलेलं तुला कळणार नाही, बोट सडेल, आणि मग ते मलाच कापावं लागेल."

खंडोजीची बायको मालन रोज तेल लावून हात दाबायची. आधी मनगटाशी दाबलं की बोटांत मुंग्या धावायच्या. पावसाळा सरला तेव्हा त्याच मुंग्या तळहाताच्या मध्यावर दाबल्यावर धावू लागल्या. म्हणजे सरकतंय काहीतरी, एवढं तिला पुरे होतं.

तेवढ्यात तिचा भाऊ गणोजी मध्ये उपटला. गणोजी म्हणजे काम सोडून बाकी सगळं करणारा माणूस. त्याच्या ओट्यावर चिलीम भरताना खंडोजीच्या बोटांत निखारा अडकला आणि खंडोजी गप्पा मारतच राहिला. करपल्याचा वास आला म्हणून त्याने खाली पाहिलं, तोवर बदनावर गावाहून आलेले दोन दाणेवाले त्याच्या पायांवर आडवे झाले होते.

"बापजी," साधूला हाक मारावी तसा त्यातला एक पुटपुटला.

पुढच्याच गुरुवारी गणोजीने लिंबाखाली पाट मांडला. खंडोजीने निखारा उचलायचा, लोकांनी नारळ वाहायचे. कुक्षीहून बैलगाड्या येऊ लागल्या. नाक मुरडणारा सरदारही येऊन पाया पडला. माणूस राबत होता तेव्हा त्याला शिडीवर चढवला, निकामी झाला तेव्हा पाटावर बसवला. आमच्या लोकांची अक्कल ही अशी.

"हात जळतोय तुमचा," मालन फोड पुसत म्हणाली.

"दुखत नाही गं."

"म्हणूनच म्हणते. आणि काय हो, उद्या बरा झाला तर? देवपणाचा राजीनामा कुणाकडे देतात?"

पाया पडून घ्यायची खंडोजीला चटक लागली होती, खोटं कशाला लिहू. पण एकटा असला की तो धोतराचा सोगा त्या मेल्या बोटांत धरून पीळ घालत बसायचा, आणि पीळ दर वेळी सुटायचा.

पौषातल्या एका गुरुवारी लिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. मालन पाण्याची घागर घेऊन कडेला उभी होती. खंडोजीने निखारा चिमटीत धरला आणि थबकला. लांबून कुठूनतरी, दुसऱ्याच कुणाच्या हातात असावी तशी, आग येत होती. दात आवळून गप्प राहिला असता तर देव राहिला असता. इतकं सोसणं अवघड नव्हतं. समोर माणसं हात जोडून होती. त्याने निखारा टाकला.

"गणोजी, दुसरा दे. मधल्या बोटाला लावून बघतो."

लोकांना वाटलं, आज दोन चमत्कार. गणोजीने खुशीत चिमटा पुढे केला. निखारा बोटाला टेकला तसा खंडोजी "आई गं" म्हणत पाटावरून उठला आणि हसायलाच लागला.

"मालन, भाजतंय. लागलं मधल्या बोटाला आणि कळतंय अंगठ्यात, पण भाजतंय."

"दाजी, खाली बसा," गणोजी दातांतल्या दातांत म्हणाला. "देवीचा कोप झाला म्हणा."

"तू म्हण. मला भाजलंय."

कुक्षीचा एक म्हातारा आपला नारळ परत उचलत शेजाऱ्याला म्हणाला, "भिया, यो तो अपणा जैसोज निकल्यो."

गर्दी पांगली. गणोजी पाट काखेत मारून शिव्या देत निघून गेला. मालनने खंडोजीचा हात घागरीच्या पाण्यात बुडवला.

"गार आहे," तो म्हणाला.

"कुठल्या बोटाला?"

"ते अजून सांगता येत नाही. मालन, घरी गेल्यावर कापड भिजत घाल."

"आज काही बांधता येणार नाही तुम्हाला."

"नाही येणार. वाकडी होईल. तू घाल."