विचार करून बघते

दारावरचा लोखंडी ससा अंगठ्याच्या नखाएवढा होता, खिळ्याचं डोकं झाकायला बसवलेला. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित लांब. पुढच्या प्रत्येक सशाचाही तसाच. म्हणजे साचा एकच असावा.

"अधिकाऱ्याला रयतेचं गाऱ्हाणं ऐकू यावं, म्हणून हे लांब कान," हिरानुमासान घोळक्याला सांगत होते.

"लोखंडी कानांना काय ऐकू येणार!" तोकिवामावशी माझ्याजवळ पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

शोगुनच्या काळातली ही कचेरी आता संग्रहालय झाली आहे. हिरानुमासान दर रविवारी इथे हौसेनं माहिती सांगतात. आजचा त्यांचा शेवटचा रविवार. पुढच्या आठवड्यात ते मुलाकडे, फुकुओकाला, कायमचे निघणार होते.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी मावशीच्या लोणच्याच्या दुकानात तिला लग्नाचं विचारलं होतं. दोघंही एकटीच. मावशी त्यांना दुसऱ्यांदा लोणचं वाढत म्हणाली, "विचार करून बघते." आमच्याकडे, जपानात, याचा अर्थ 'नाही'. विमा विकणाराही एवढं ऐकून बॅग बंद करतो. हिरानुमासान कमरेत वाकले आणि गेले. मावशी मात्र खरोखरच विचार करत बसली.

"तू स्वतः हेच म्हणून विक्रेत्यांना कटवतेस ना?" मी येताना बसमध्ये विचारलं होतं.

"विक्रेत्यांना मी दुसऱ्यांदा लोणचं वाढते का? माणसाला कळायला नको?"

शेवटी आम्ही न्यायाच्या अंगणात आलो. पांढऱ्या वाळूवर आरोपीसाठी चटई होती. हिरानुमासान अधिकाऱ्याची उंच काळी टोपी घालून ओट्यावर बसले.

"आरोपी कोण होणार?"

"आधी तुम्ही." "छे छे, तुम्ही." असं एकमेकांना म्हणत सगळे मागे सरकले. मावशी तेवढी उरली. ती चटईवर गुडघे मोडून बसली.

"सलगमाचं लोणचं खारट केल्याचा आरोप आहे," हिरानुमासान गरजले. लोक हसले. "काही म्हणणं?"

मावशी चटईवरून हलेना. फोटोसाठी रांग लागली.

"तोकिवासान, उठा आता. मागे मंडळी ताटकळलीत."

"पायांना मुंग्या आल्यात."

ते खाली उतरले आणि हात पुढे केला. मावशीनं तो धरला, पण उठली नाही.

"तुम्ही मला एक विचारलं होतं."

"तुम्ही उत्तर दिलंत की."

"विचार करून बघते म्हटलं होतं."

"तेच ते."

"तेच नाही! मी विचार केला."

टोपी घसरून त्यांच्या कानावर आली. त्यांनी ती घाईनं वर सारली.

"मग?"

"हो."

हिरानुमासान पुन्हा फसायला तयार नव्हते. आमच्याकडे 'हो' म्हणजे नुसतं 'ऐकलं' असंही असतं.

"'हो' म्हणजे... ऐकलंत, असं?"

मावशीनं एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"'हो' म्हणजे मी तुमच्याशी लग्न करणार आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "आणि फुकुओकाचं तिकीट रद्द करा."