मधला रुंद कॉलम

आज दुपारी भंगारवाला येणार होता आणि त्याआधी सुनेला एक चित्र विणून बघायचं होतं. सासूबाईंच्या विणकामाच्या मशीनने अर्धी खोली अडवली आहे म्हणून तिच्या नवऱ्याने परस्पर सौदा ठरवून टाकला होता. सासूबाईंनी भांडण केलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "नेऊ दे. माझं शेवटचं चित्र तेवढं राहिलं." झालं! सून हट्टाला पेटली.

चित्र कसलं, कागदावर ओळीओळीने नुसते आकडे होते. इतके टाके पांढरे, इतके निळे, पुन्हा इतके पांढरे.

"पण आई, आहे काय हे?"

"विणल्यावर बघ की."

असं म्हटल्यावर कुणाला चैन पडेल? तिने स्प्रेडशीट उघडली. निळ्या टाक्याला चौकोनात एक आकडा लिहायचा, पांढऱ्याला चौकोन रिकामा सोडायचा. चार दिवस तिचं हेच चाललं होतं: डावी बाजू सकाळी भरायची, उजवी संध्याकाळी. डोळे बारीक करून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं, पण पडद्यावर एका वेळी एकच कोपरा दिसे आणि त्यातून काही उमगत नसे.

मशीन होतं जुन्या वळणाचं. त्याला स्प्रेडशीट कळत नसे, साधी मजकुराची फाइल लागे. त्या फाइलमध्ये अक्षराची जागा म्हणजेच सुई. पहिली जागा पहिल्या सुईची, दुसरी दुसरीची. म्हणून तिने सगळे कॉलम एका अक्षराएवढे अरुंद केले, फाइल एक्सपोर्ट केली आणि मशीन सुरू केलं.

खडखडाट करत विणकाम खाली उतरलं आणि तिने कपाळाला हात लावला. मधोमध पांढरा पट्टा, डावीकडे एक गोल, उजवीकडे काठावर अर्धवट कापलेलं काहीतरी.

"माझी सुई तर मोडली नाही ना गं?" सासूबाईंनी विचारलं. त्या एकेक सुई चाचपू लागल्या. सुनेला फार वाईट वाटलं.

सुया ठणठणीत होत्या. मग सुनेने फाइलच उघडली. डावा अर्धा भाग बिनचूक होता. मध्ये मात्र प्रत्येक ओळीत नुसत्याच मोकळ्या जागा, आणि पुढचं सगळं उजवीकडे ढकललेलं. या जागा आल्या कुठून? तिने तर काहीच लिहिलं नव्हतं! स्प्रेडशीटकडे परत वळली आणि तिने जीभ चावली. सकाळची बाजू कुठे संपते ते चटकन दिसावं म्हणून मधला कॉलम तिनेच ऐसपैस रुंद करून ठेवला होता, आणि अरुंद करताना नेमका तोच राहिला होता. कॉलम जेवढा रुंद तेवढ्या जागा फाइलमध्ये, आणि मशीनच्या लेखी मोकळी जागा म्हणजे पांढरा टाका.

"तुझ्या नवऱ्यासारखंच आहे हे," सासूबाई म्हणाल्या. "आपण गप्प बसलो की होकार समजतं."

सून खो खो हसली. कॉलम अरुंद करून तिने फाइल पुन्हा काढली. इतक्यात दारावरची घंटा वाजली.

"थांबा हो जरा!" ती आतूनच ओरडली.

या वेळी दोन्ही गोल पूर्ण उतरले. त्यांच्यामध्ये दांडा, वर हँडल, मागे कॅरियर.

"सायकल! कुणाची?"

"यांची. तू त्यांना पाहिलं नाहीस."

तिने विणकाम उजेडाकडे धरलं. "पण आई, सायकलवर कुणीच नाही."

सासूबाईंनी निळ्या चाकावरून बोट फिरवलं.

"कसं असेल? घरी पोचलेत ते," त्या म्हणाल्या. "जा, दार उघड आता."