टोपल्यांचं पाणी

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी उशीचा ओला अभ्रा तिच्यासमोर धरला.

"एक दिवसाआड, दुपारी. तुमच्या टोपल्यांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. मातीचे डाग निघत नाहीत हो."

"आमच्याकडे कोणी पाणी घालत नाही," ती म्हणाली.

बाई आणखी काही बोलणार होत्या. मग त्यांना आठवलं असावं. "असू दे, असू दे," म्हणत त्या घाईने जिना उतरल्या.

टोपल्या तिच्या नवऱ्याच्या. बाल्कनीत टांगलेल्या, तारेच्या सहा, आतून काथ्याचं अस्तर लावलेल्या. चारांत गोटीएवढे टोमॅटो, एकीत पुदिना, एकीत स्ट्रॉबेरी. चार महिन्यांपूर्वी त्यांना पाणी घालताना स्टुलावरून तोल जाऊन तो बाल्कनीच्या कठड्यापलीकडे गेला. तिसऱ्या मजल्यावरून. तेव्हापासून तिने बाल्कनीचं दार उघडलं नव्हतं. पडदा ओढून मधोमध पिना टोचल्या होत्या.

टांगलेली माती वाऱ्याने दोन दिवसांत कोरडीठाक पडते, असं तोच सांगायचा. म्हणजे रोपं केव्हाच वाळायला हवी होती. पण पडद्यावरच्या पानांच्या सावल्या आठवड्याआठवड्याने दाट होत गेल्या होत्या. ते तिला दिसत होतं. ती पाठ करून बसायची.

दोन दिवसांनी, ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलता बदलता ती थांबली. डोकं दुखतंय असं मालकाला सांगून भर दुपारी घरी आली.

पडदा बाजूला सारलेला होता. पिना ओळीने खिडकीत ठेवल्या होत्या. बाल्कनीत, त्याच स्टुलावर, आप्पा उभे होते. तिचे सासरे. घरात भिंत धरून चालणारे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एका हातात झारी, दुसऱ्यात टोपलीची साखळी.

हाक तिच्या ओठांवर आली, ती तिने गिळली. चपला काढून ती पुढे गेली, खाली बसली आणि स्टुलाचे पाय घट्ट धरले.

आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही.

"आलास?" ते म्हणाले. "धर नीट. हिला अजून द्यायचंय."

तिने ओठ मिटून घेतले. बोलली असती तर बाईचा आवाज आला असता.

झारीतलं पाणी टोपलीतून झिरपून तिच्या मनगटावर पडत राहिलं. थोड्या वेळाने ते एक एक पाय टाकत उतरले, आणि त्यांना ती दिसली.

"तू होय," ते म्हणाले आणि स्टुलावरच टेकले.

"आप्पा, हे कशासाठी?"

"तीन टोपल्यांना घालून झालं होतं त्याचं. तीन राहिल्या होत्या."

तिला एकदम रडू फुटलं. "इतक्या वर मीच टांगायला लावल्या त्याला. डोक्याला लागतात म्हणून रोज कटकट करायचे. खाली असत्या तर स्टूल कशाला लागलं असतं?" हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

आप्पांनी झारीची तोटी अंगठ्याने पुसली.

"मी हाक मारली त्याला," ते म्हणाले. "स्वयंपाकघरातून. चहा झालाय म्हणून. 'ओ' म्हणाला, आणि वळला."

तिने डोळे पुसले.

"'ओ' नीट ऐकू आला मला."

दोघांपैकी कोणीही कोणाला समजावलं नाही.

मग आप्पा उठले आणि झारी तिच्या हातात दिली.

"कोपऱ्यातली राहिलीय. माझा हात जेमतेम पुरतो तिथवर."

ती चढली. पहिल्यांदाच तिला टोपली वरून दिसली: पानांखाली लाल झालेले टोमॅटो, काही फुटून तिथेच सुकलेले, आणि कठड्याच्या पलीकडे खालची फरशी. तिने टोपलीची साखळी पकडली. खाली आप्पांनी दोन्ही हातांनी स्टूल आवळून धरलं होतं.

तिने सावकाश पाणी घातलं. तिचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत आप्पांनी तोंडातून शब्द काढला नाही.