काळा राहिलेला राजा

"मावा, डोळे मिटा की! मी सांगेपर्यंत उघडायचं न्हाई हं."

बसाप्पा बिरनाळेंनी चपला दाराशी काढल्या आणि मुकाट्याने डोळे मिटले. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. सकाळपासून गुजरीत, सराफांच्या बाजारात, तराजूचे काटे दुरुस्त करून कंबर धरली होती. पण सून नवी, माहेरच्या कानडी वळणाने सासऱ्याला 'मावा' म्हणणारी, तिची या घरातली पहिलीच दिवाळी, आणि शिवाजी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांपुढे दोन वर्षांनी कुणीतरी रांगोळी काढली होती. तेव्हा डोळे मिटायला काय जातंय, असा त्यांनी विचार केला.

"आता उघडा!"

पाटावर लाल कापड, कापडावर तांदूळ आणि तांदळावर अकरा नाणी. इतकी लखलखत होती, की बसाप्पांना उघडलेले डोळे पुन्हा बारीक करावे लागले.

"आधी चिंच लावली, मग रांगोळीनं घासलं आणि कोपऱ्याकोपऱ्यात टूथपेस्ट," दानेश्वरी म्हणाली. "दुपारी जेवले बी न्हाई मी. किती काळी पडली हुती हो! कुणाचं लक्षच न्हाई ह्या घरात."

बसाप्पांनी एक नाणं उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं.

ती नाणी म्हणजे स्पेनच्या राजाची चांदी. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या खाणीतून निघालेली, तिथल्याच टांकसाळीत पाडलेली, मग जहाजातून आणि व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून घाट चढून देशावर आलेली. एका बाजूला फुगीर गालांचा, लांब नाकाचा राजा, दुसऱ्या बाजूला मुकुट, ढाल आणि दोन खांब. वाटेत ज्या ज्या सराफाने नाणं पारखलं, त्याचा एकेक बारीक ठसा वर उठलेला. गुजरीत अशी नाणी मोडीच्या चांदीतून यायची आणि सरळ मुशीत जाऊन आटायची. काटा दुरुस्त करताना पारड्यात असा राजा दिसला, की बसाप्पा मजुरी सोडून द्यायचे, वर पदरचे घालायचे आणि त्याला सोडवून घरी आणायचे. सदतीस वर्षांत अकरा राजे सुटले होते.

आणि अशा नाण्याची सगळी इभ्रत त्याच्या काळेपणात असते. दोन शतकांच्या हातांनी, थैल्यांनी, हवेने चढवलेला तो थर म्हणजे त्याचं वय. तो एकदा घासून काढला, की जगातला कुठलाही शहाणा तो परत चढवू शकत नाही. नाणी जमवायला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात ते हेच.

बसाप्पांनी मात्र सुनेला ते सांगितलं नव्हतं. त्यांची बायको शांतादेवी होती तोवर सांगायची वेळच आली नव्हती. ती त्या नाण्यांच्या डब्याला 'माझी सवत' म्हणायची आणि दर दिवाळीला नाणी होती तशी, काळी कुळकुळीत, पूजेला मांडायची. शेजारणी हसायच्या. ती म्हणायची, "हसा. आमची लक्ष्मी मेक्सिकोची हाय." दोन वर्षांपूर्वी ती गेली. आज सकाळी डब्याची किल्ली सुनेच्या हातात देऊन बसाप्पा एवढंच म्हणाले होते, "नाणी काढून ठेव पूजेला." आणि गुजरी गाठली होती.

"मावा? आवडलं न्हाई व्हय?"

बसाप्पांचा राग साऱ्या गुजरीला ठाऊक होता. एकदा एका सराफाने काट्यात तेल ओतलं म्हणून त्यांनी भर दुकानात त्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या. तो राग आत्ताही तळपायापासून निघाला, गळ्यापर्यंत आला. तेवढ्यात त्यांना सुनेची बोटं दिसली. चिंचेने सुरकुतली होती, नखांच्या कडा सोलवटल्या होत्या.

"लई झ्याक केलंस, पोरी," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला मोरीत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. त्यांना रडू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे दुःख गौसपुढे मांडलं. गौस गुजरीतला चांदी आटवणारा, तीस वर्षांचा दोस्त.

"तू तिला काय बोलला न्हाईस? तू?" गौस म्हणाला. "आरं, माझ्या अंगावर पक्कड फेकली हुतीस की तू, चहात साखर कमी पडली म्हणून!"

"ती येगळी गोष्ट हाय."

"मग आता प्रदर्शनाचं काय?"

खरी मेख तिथेच होती. नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी भरणार होतं, आणि यंदा पहिल्यांदाच पत्रिकेत छापलं होतं, 'स्पॅनिश चांदीची नाणी : संग्राहक बसाप्पा बिरनाळे'. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे सरळ करणाऱ्या माणसाचं नाव पहिल्यांदाच कुठेतरी छापून आलं होतं. त्याच पत्रिकेत खाली नियम होता : घासलेली नाणी मांडता येणार नाहीत.

"जाऊ नगं," गौस म्हणाला. "आजारी पड."

बसाप्पा आजारी पडलेही असते. पण दानेश्वरीने ती पत्रिका फ्रिजवर चिकटवली होती. भाऊबीजेला चिकोडीला माहेरी गेली, तर तिथेही सगळ्यांना फोटो दाखवून आली. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ती इरकल नेसून, डबा छातीशी धरून दारात तयार. नवरा सोमशेखर कारखान्यात पाळीवर, म्हणून मावांबरोबर जायचा मान तिने स्वतःकडे घेतला होता. गल्लीतून जाताना दर दुसऱ्या दाराशी ती थांबायची. "आमच्या मावांची नाणी निघाली प्रदर्शनाला!" बसाप्पा मागून चालले होते. न जावं तर हिला कारण सांगावं लागणार, जावं तर चारचौघांत हिच्यासमोर नाणी परत मिळणार. जन्मभराचं नाव गेलं तरी चालेल, पण हे पोरीच्या कानावर जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

नाणी तपासायला पुण्याहून विजयसिंह नावाचे जाणकार आले होते. दानेश्वरीने डबा उघडून अकराही नाणी मखमलीवर मांडली. विजयसिंहांनी पहिलं उचललं, भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसरं उचललं. तिसरं उचललंच नाही.

"बिरनाळे, काय हो हे? मागच्या वर्षी मी ही पाहिली होती. काय रंग होता त्यांचा! घासली कुणी?"

आजूबाजूची चार डोकी वळली. दानेश्वरीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं.

"मी," बसाप्पा म्हणाले.

"तुम्ही? सदतीस वर्षं नाणी जमवणारा माणूस?"

"व्हय. दिवाळी हुती. वाटलं, चमकवावी. म्हाताऱ्याची अक्कल, साहेब, कधी कधी गुडघ्यात जाती." आणि ते हसलेसुद्धा. आयुष्यात इतकं अवघड हसू ते कधी हसले नव्हते.

विजयसिंहांनी मान हलवली. "वाईट वाटतं हो. पण नियम आहे. ही नाही ठेवता येणार."

बसाप्पा नाणी गोळा करू लागले. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"साहेब, मावा खोटं बोलत्यात. घासली मी."

"दानव्वा, गप बस," बसाप्पा सुनेला म्हणाले.

"का म्हणून?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढाच होता. "मला काय म्हाईत, काळं असलं की किंमत असती ते? पंधरा दिस झालं, एका शब्दानं बोललं न्हाईत तुम्ही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला." मग तिने डब्याच्या तळाशी हात घातला आणि खणाच्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी काढली. "सगळी न्हाई घासली मी. ह्यो एक राहिलाय बघा."

बसाप्पांच्या हातातली नाणी हातातच राहिली. ते बारावं नाणं त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्याला डाक देऊन कडी जोडली आणि त्यांनी ते शांतादेवीच्या गळ्यात घातलं होतं. कडी डाकलेलं नाणं संग्राहकांच्या लेखी बाद, म्हणून ते कधी संग्रहात धरलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या गळ्यातून काढलं आणि तळाशी ठेवलं. तिथे पुन्हा हात घालायचं त्यांना धाडस झालं नव्हतं.

विजयसिंहांनी ते हातात घेतलं. एका बाजूला खांब काळेभोर होते. दुसऱ्या बाजूला राजाचं नाक, गाल सगळं झिजून गुळगुळीत झालं होतं.

"हे का सोडलंस?" त्यांनी विचारलं.

"ते अत्तींचं, माझ्या सासूबाईंचं हाय. फोटोत त्यांच्या गळ्यात बघितलंय मी," दानेश्वरी म्हणाली. "त्यांच्या अंगाला लागून लागून तसं झालंय. घासलं असतं तर त्या निघून गेल्या असत्या की त्याच्यावरनं."

विजयसिंहांनी नाणं पुन्हा एकदा उलटून पाहिलं. मग त्यांनी भिंग खिशात टाकलं. "तीस वर्षं मी लोकांना हेच समजावतोय," ते म्हणाले, "पण इतकं सोपं करून कधी सांगता आलं नाही. बिरनाळे, गळ्यात घातलेल्या नाण्यांचं एक टेबल आहे तिकडे. हे तिथे मांडू. मधोमध."

काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर एकच नाणं बसलं. चिठ्ठी लिहायला घेऊन विजयसिंहांनी विचारलं, "संग्राहक बसाप्पा बिरनाळे, बरोबर?"

"न्हाई," बसाप्पा म्हणाले. "शांतादेवी बिरनाळे लिवा. तिनं तेहतीस वर्सं सांभाळलंय."

दिवसभर त्या पेटीपुढे माणसं थांबत होती. दानेश्वरी पेटीशेजारी उभी राहून प्रत्येकाला मेक्सिकोपासून सगळं सांगत होती. गौस दोनदा येऊन ऐकून गेला आणि दोन्ही वेळा जाताना बसाप्पांच्या पाठीत धपाटा घालून गेला. बसाप्पा खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी गर्दी ओसरली. लोकांच्या बोटांनी पेटीची काच धुरकट झाली होती. दानेश्वरीने सवयीने पदराचं टोक हातात घेतलं आणि मध्येच थांबून सासऱ्याकडे पाहिलं.

"मावा, काच पुसली तर चालंल न्हवं?"

"पूस की," बसाप्पा म्हणाले. "काच खुशाल पूस."