एकशे पंचेचाळीसच्या आधी

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी शिवाजी पेठेतल्या सभागृहातली वीज गेली. मंचावरच्या बारला एकशे पंचेचाळीस किलो लावून झाले होते आणि पुढचं नाव ऐश्वर्या मगदूमचं होतं. पंखे थांबले, पंचांचे दिवे विझले. मुख्य पंचांनी वीज येईपर्यंत स्पर्धा थांबवली.

ही पॉवरलिफ्टिंगच्या राज्य संघाची निवड चाचणी होती. ऐश्वर्याच्या वजनगटात जागा एकच आणि चाचण्या दोन गावांत, दोन रविवारी; दोन्हीकडे मिळून जिच्या तिन्ही प्रकारांतल्या वजनांची बेरीज सगळ्यात जास्त, ती संघात. बेंच प्रेस आणि डेडलिफ्टमधले तिचे आकडे फारसे हलत नाहीत. संघात जायचं तर स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन पूर्ण बसून उठण्यात, एकशे पंचेचाळीस हवेच होते. याआधीच्या दोन्ही वर्षी ती याच वजनाखाली अर्ध्यात अडकली होती. आजचे दोन प्रयत्न कमी वजनावर नीट झाले होते, हा शेवटचा.

ऐश्वर्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तयार माल तपासण्याचं काम करते. तिला शिकवणारे आकाराम वस्ताद मूळचे कुस्तीतले. अंग भिजल्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही, हा त्यांचा तालमीतला नियम. दोनशे बैठका, त्यावर जोर, मग बार. बराच वेळ झुंजणाऱ्या पैलवानाला हे लागू पडतं. पण एकदाच, काही क्षणांपुरती सगळी ताकद लावायची असेल, तर ती बैठकांतच खर्ची पडते. दोन वर्षं तसंच झालं होतं आणि तालमीत ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ऐश्वर्याच्या लक्षात आलं ते शिफ्टमुळे. शिफ्ट लांबली की तिला यायला उशीर व्हायचा, वस्ताद कुरकुरत निम्म्या बैठका माफ करायचे आणि नेमका त्याच दिवशी बार हलका लागायचा. तिने हे बोलून दाखवलं, तेव्हा घाम काढायचा नसेल तर पंख्याखाली सतरंजी टाकून झोप, असं तिला ऐकून घ्यावं लागलं. तिने वाद घातला नाही. सरळ बैठका सोडल्या. आधी रिकामा बार घेऊन पाच वेळा, मग साठ किलोवर तीन वेळा, नव्वदला दोनदा आणि पुढे प्रत्येक वजनाला एकदाच. सगळ्यात शेवटी एकशे साठ किलो, तेही उचलायचे म्हणून नव्हे. बार खांद्यावर घ्यायचा, गुडघे ताठ ठेवून क्षणभर उभं राहायचं आणि परत स्टँडवर ठेवायचा. त्या ओझ्यानंतर थोड्या वेळाने कमी वजन पाठीवर आलं की ते हलकं वाटतं. सरावात ती अशा रीतीने एकशे चाळीस सहज घेऊन उठली, तेव्हा वस्तादांनी या निवडीपुरती तिला मोकळीक दिली. पटलं मात्र नव्हतं.

त्या सकाळी वॉर्मअपच्या खोलीत तिने एकशे साठ घेऊन नुसते ठेवून दिले, तेव्हा दुसऱ्या जिमचा प्रशिक्षक सम्राट वस्तादांकडे वळून म्हणाला होता, “पावणं, तुमची पोरगी उचलाय आलीया का मापाय?”

आता वीज गेल्यावर या पद्धतीची खरी अडचण समोर आली. जड ओझ्याचा परिणाम काही मिनिटंच टिकतो. आधी घेतलं तर वाया, उशीर झाला तर मंचावरून नाव पुकारलं जाणार. बाकीच्या मुली बाहेर पळायला लागल्या होत्या, उड्या मारत होत्या. ऐश्वर्या स्वेटर चढवून, गुडघ्यांवर शाल घेऊन खुर्चीत बसून राहिली. मे महिना होता.

“ऐशू, अंग थंड पडाय लागलं की. पन्नास बैठका तरी मार,” वस्ताद म्हणाले.

“बैठका न्हाईत, वस्ताद. लाइट यायच्या आधी पाच मिनिटं मला कळाय पायजे.”

“मी काय वायरमन हाय व्हय?”

“वायरमनजवळ उभं तरी ऱ्हावा.”

 वस्ताद टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर गेले. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर डीपी होती, तिच्याखाली ते उन्हात उभे राहिले. तिथून त्यांचे फोन येऊ लागले. वायरमन पिराजी आलाय. शिडी लावतोय. शिडी आखूड पडली, दुसरी आणाय गेलाय. हे तिसरं ऐकूनही ऐश्वर्या उठली नाही. फक्त फोन मांडीवर उलटा ठेवला. खोलीत तिच्याइतकं शांत कुणी नव्हतं.

पावणेबाराच्या सुमारास फोन आला. “चढला. फ्यूज हातात हाय. कर सुरू.”

तिने स्वेटर काढला. नव्वद एकदा, एकशे वीस एकदा. एकशे साठसाठी मागे उभं राहायला माणूस हवा होता आणि वस्ताद डीपीखाली होते. सम्राट पुढे आला. त्याने दोन्ही बाजूंच्या प्लेट चढवल्या आणि तिच्या पाठीमागे हात पुढे करून उभा राहिला. तिने बार उचलला, उभी राहिली, ठेवला. पंखे फिरायला लागले तेव्हा ती खुर्चीत परतली होती.

नाव पुकारल्यावर ती मंचावर गेली. एकशे पंचेचाळीस घेऊन ती खाली बसली. उठताना बार त्याच जागी, अर्ध्यावर थांबला. या वेळी तो तिथून हलला. दोन पंचांनी पांढरा दिवा दिला, एकाने लाल. दोन पांढरे पुरतात. वस्ताद धापा टाकत दारात पोचले तोवर फलकावर पुढचं नाव आलं होतं.

“गेलं का वर?” त्यांनी सम्राटला विचारलं.

“गेलं की. तुम्ही खांबाखाली हुता.”

वस्ताद पायरीवर बसले आणि टॉवेलने तोंड पुसत राहिले.

बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट नेहमीच्या आकड्यांवर झाले. संध्याकाळी ऐश्वर्याची बेरीज या चाचणीत पहिली लागली. दुसरी चाचणी येत्या रविवारी आहे. तिथल्या दोन मुलींनी सरावात याहून जास्त वजन घेतल्याचं सांगतात. त्यातल्या एकीने खांदा दुखावल्यामुळे माघार घेतली आहे. दुसरीचं नाव गुरुवारी संध्याकाळपर्यंत त्या चाचणीच्या यादीत कायम होतं.