मीठ आणायला

पान्याचा पहिला घाव मनगटावर बसला तरी तेंचाने गॅसच्या टाकीची तोटी सोडली नाही. दुसऱ्या घावाला हाड कडकन वाजलं आणि हात आपसूक सुटला. परवान्याच्या गाडीवरून महाग पडली तरी घेतलेली ती टाकी चोरीचा गॅस विकणाऱ्या उलिसेसने लाथा घालत रस्त्यावर काढली.

तोर्तियांसाठी, मक्याच्या गरम पोळ्यांसाठी, रांगेत उभ्या असलेल्या बायका त्याची गाडी बघूनच पांगल्या होत्या. दुकानात आता दोघंच उरले होते.

"तुझ्या भल्याचंच करतोय, मावशी," तो धापा टाकत म्हणाला. "गॅस दर महिन्याला चढतोय. आम्ही अर्ध्या किमतीत देतो. तुमच्यासारख्या छोट्या दुकानदारांना दुसरं कोण सांभाळणार?"

"फेर्मीनला सांभाळलंत, तसं?"

रस्त्यापलीकडचा फेर्मीनही तोर्तियावालाच. गॅस कितीही महागला तरी चोरीचा घ्यायचा नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात उलिसेसच्या टोळीने त्याचा जबडा फोडला. अख्ख्या गल्लीला खाऊ घालणारा तो माणूस आता नळीने पेज ओढत होता.

उलिसेसने उत्तर दिलं ते थोबाडीत. मग गाडीतून आपली टाकी उतरवून तो स्वतःच जोडायला बसला. हे काम त्याच्या बापजन्मात त्याने केलं नव्हतं, हे कुणालाही दिसलं असतं.

"साबणाचं पाणी लावून बघू दे," ओठावरचं रक्त पुसत तेंचा म्हणाली. "तुमच्या गॅसला वास नसतो."

पाइप फोडून चोरलेल्या त्या गॅसात वासाचं औषध पडलेलं नसे. गळला तरी नाकाला पत्ता लागत नसे. तिची तर जुनी सवय, रोज सकाळी सांध्यांना फेस लावायचा आणि बुडबुडा दिसला की आवळायचं.

"आमच्या मालाला साबण लावतेस?" त्याने पाण्याचा डबा लाथेने उडवला. "आज फेस बघशील, उद्या वजन करशील!"

पाणी टाकीवर सांडलं. उलिसेस पाठ फिरवून हात पुसू लागला. त्याच्या मागे सांध्यावर बुडबुडे उगवले आणि फुगत फुगत लिंबाएवढे झाले.

तेंचाने तोंड उघडलं.

"भूक लागलीय गं," तो म्हणाला. आवाज एकदम मवाळ झाला होता. "पहिली गरम तोर्तिया मला दे. मीठ लावून, गुंडाळून. शाळेत जाताना फुकट द्यायचीस ना?" खिशातून लायटर काढून तो तोर्तिया भाजायच्या यंत्राकडे निघाला. "बस तू, हात दुखत असेल. बर्नर मी पेटवतो."

टाचा उंचावून फळीवर हात ठेवणारं हेच ते पोर. तिचा त्याच्यावर जीव होता. दुसऱ्या पोरांना एक मिळे, तेव्हा याला दोन मिळत. आणि फेर्मीनच्या उंबऱ्यावर सांडलेले दातही तिनेच वेचले होते.

तिने तोंड मिटलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "मीठ संपलंय. फेर्मीनकडून आणते."

"लवकर ये. तोवर यंत्र तापवून ठेवतो."

नवरा गेल्यावर याच यंत्राने तिला जगवलं होतं. जाता जाता तिने त्याच्या पत्र्यावरून तळवा फिरवला. फळीखालून एक वस्तू उचलून एप्रनखाली धरली.

"ठेव," ती म्हणाली.

ती पळाली नाही. रस्ता ओलांडताना मध्ये एक ट्रक आला, त्याला तिने जाऊ दिलं. ओरडावं असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा तिने पुढचं पाऊल टाकलं.

फेर्मीन अर्ध्या शटरखाली उभा होता.

"काय हवंय?" त्याने दात न उघडता विचारलं.

"मीठ."

फेर्मीनने तिच्याकडे निरखून पाहिलं. मोडका हात तिने छातीशी धरला होता. दुसऱ्या हातात एप्रनखालून बाहेर आलेली तिच्याच दुकानातली मिठाची बरणी होती, गळ्यापर्यंत भरलेली.

"शटर ओढ," ती म्हणाली.