उंबऱ्यापर्यंत पाणी

पाणी येणार म्हणून तुम्ही कडूबाईचं घर उठवलंत, साहेब. पाणी आलं नाही, हॉटेल आलं. नकाशावर तांबडी रेघ तुम्ही ओढलीत, रेघेच्या आतल्या माणसांना ‘बुडीत’ म्हणालात आणि त्यांची कोरडी ठणठणीत घरं पाडलीत. त्र्याहत्तरच्या पावसात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं, तेव्हाही कडूबाईच्या घराच्या टेकाडाचे नुसते पाय भिजले. माथ्यावर तुम्ही बाग लावलीत, झोपाळे टांगलेत, दुकानांची ओळ काढलीत आणि फाटकावर ‘जलविहार’ अशी पाटी ठोकलीत. नाव मात्र झकास शोधलंत.

एरवी त्या बागेत हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांनाच प्रवेश. दिवाळीचा आठवडा मात्र ती सगळ्यांना खुली होती. तेवढ्यासाठी कडूबाईनं सुनेचा येण्याचा दिवस मागे-पुढे केला. सून मुक्ता राहुरीकडल्या माहेराहून बाळंतपण उरकून, पाच महिन्यांची राही कडेवर घेऊन यायची होती. रीत अशी की लेकरू पहिल्यांदा आपल्या घरी आलं की त्याला दारात थांबवायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पाण्यानं डोळे पुसायचे, मगच आत घ्यायचं.

“आपलं घर पत्र्याच्या शेडमधी हाय, आय,” लेक गोरक्ष म्हणाला होता. “तिथंच ओवाळ की.”

“ती शेड सरकारची हाय. माझी नात माझ्या उंबऱ्यावरनं आत येनार.”

“उंबरा ऱ्हायलाय कुठं?”

“हाय का न्हाई ते बघायलाच चाललेय,” कडूबाई म्हणाली, आणि फडक्यात बाजरीची ताजी भाकरी बांधली.

एस.टी. फाटकापाशी थांबली. मुक्ता उतरली, पाठोपाठ तिला आणायला गेलेला गोरक्ष गाठोडं घेऊन. फाटकाशी वाट बघत थांबलेल्या कडूबाईनं नातीला बघितलं, कानशिलावर बोटं मोडली, आणि तिघं लेकरासकट फाटकाकडे वळली. फाटकावर खाकी घालून रंगनाथ उभा. हा कडूबाईच्याच उठवलेल्या गावचा. आता शिट्टी त्याच्या गळ्यात होती.

“कडूमावशी, फडक्यात काय?”

“भाकरी.”

रंगनाथनं नियमांच्या पाटीकडे हनुवटी केली. “भायेरचं खानं आत न्यायचं न्हाई.”

“खायला कुठं नेतेय? टाकायला नेतेय.”

“मग तर मुळीच न्हाई! मॅनेजर कचऱ्याला लई टरकतो. कागद पडला तरी माझ्या नावानं शिमगा करतो.”

“रंग्या, तुझ्या पोराचा भाकरतुकडा मी टाकला हुता. तवा काय कचरा झाला व्हय रं?”

रंगनाथनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “म्या फडकं तपासलं, मोकळं हाय. लेकराची झडती घ्यायचा मला हुकूम न्हाई.” एवढं बोलून तो धरणाकडे तोंड करून उभा राहिला. कडूबाईनं भाकरी काढून राहीच्या दुपट्यात खोचली. रिकामं फडकं तिनं त्याच्या पाठीमागनं झटकून दाखवलं.

आत गेल्यावर कडूबाईला राग धरून ठेवणं जड जायला लागलं. खरं ते सांगितलं पाहिजे, बाग देखणी होती. कारंजं उडत होतं, त्याच्या तुषारांत ऊन रंगत होतं. झेंडू नुसता माजला होता. पुण्यामुंबईच्या बाया काळे चष्मे लावून वेताच्या खुर्च्यांत रेलल्या होत्या. कर्ण्यातनं गाणं चाललं होतं. राही तर डोळे फाडून बघत होती. कारंजं वर गेलं की तीही दोन्ही हात वर टाकायची आणि बोळकं उघडून किंचाळायची. तिला कुठं ठाऊक होतं, कुणाचं काय पाडलंय ते!

“आत्याबाई, झोपाळा मोकळा झालाय,” मुक्ता म्हणाली. “बसा तुमी. राहीला घ्या.”

“मी? ह्यांच्या झोपाळ्यावर? थुंकनार पन न्हाई.”

गोरक्षनं हात धरून बसवली. एक झोका गेला, दुसरा गेला. तिसऱ्या झोक्याला खाली अख्खं धरण दिसलं, निळंभोर, आणि कडूबाईच्या तोंडून “अगं आई गं!” निघून गेलं. राही तिच्या पोटाशी खिदळत होती. चांगले वीस झोके झाल्यावर रांगेतल्या पोरांनी ओरडा केला, “आजी, उतरा की आता!”

“उतरते रं! मुडद्यांनो, माझ्याच खळ्यावर मला घाई करता?”

खरंच ते खळं होतं. उतरल्या उतरल्या तिला दिशा लागली. झोपाळ्याशी खळं, म्हणजे कारंज्यापाशी गोठा, आणि घर तिकडं, दुकानांच्या ओळीत. ती भराभर निघाली. मागनं मुक्ता बांगड्यांच्या दुकानाशी रेंगाळत, हिरव्या काचेच्या मनगटाला लावून बघत, पुन्हा पळत. गोरक्षनं राहीपुढे कागदी भिरभिरं धरलं, तिनं ते चाटलं. सरबताचं दुकान झालं, आरशांचं झालं. कडूबाई प्रत्येक पायरीकडे खाली मान घालून बघत होती. फरशी, फरशी, सिमेंट.

शेवटचं दुकान खेळण्यांचं. त्याची पायरी काळ्या घडीव दगडाची होती, मधोमध पेल्याएवढा खळगा.

कडूबाई मटकन खाली बसली.

“सासूबाईनं तीस वर्सं चिंचोके फोडलं हितं,” ती म्हणाली. “ह्यो त्येचा खळगा. गोरक्ष, तुझा दात पडला हुता ह्याच्यावर.”

गोरक्षची थट्टा तिथं संपली. त्यानं वाकून खळग्यात बोट फिरवलं आणि चपला काढल्या.

दुकानात एक तरुण बाई खुळखुळे पुशीत होती. “या मावशी, काय दाखवू?”

“दाखवू नगं. तुझं नाव काय?”

“दया. नगरची मी. दुकान आमच्या ह्यांचं, योहानचं. ते माल आणायला गेलेत.”

“दया, तू आत हायेस, आमी भायेर. आत असलेल्या बाईनं ओवाळून घ्यावं लागतं. माझ्या नातीवरनं एवढा भाकरतुकडा टाकतीस? हे माझं घर हुतं.”

दया तिच्याकडे बघत राहिली, मग दगडाकडे. “टाकीन की. पण मावशी, आम्ही ख्रिस्ती. तुम्हाला चालंल का?”

“तुमच्यात लेकराची दिष्ट काढत न्हाईत?”

“पास्टर नको म्हणतात,” दया हसली. “सासू काढते, पास्टरांची पाठ वळली की.”

“मग झालं तर! काढ भाकरी.”

दुपट्यातनं भाकरी काढायला गेली, तर अर्धी कड राहीनं हिरड्यांनी चघळून लगदा केलेला. हसून हसून मुक्ताचे डोळे पाणावले. आता पाणी पाहिजे. दुकानात माठ नव्हता, तांब्या नव्हता. होता तो भातुकलीचा, पितळी, अंगठ्याएवढा. गोरक्ष तो घेऊन कारंज्याकडे धावला आणि सांडू नये म्हणून तळहाताची झाकणी करून परतला. बायकांच्या खुर्च्यांतनं एकदोघी काळे चष्मे वर करून बघायला आल्या.

मुक्ता राहीला घेऊन दगडाच्या अलीकडे उभी राहिली. दयानं भाकरीचे दोन तुकडे तीनदा फिरवले, एक डावीकडे टाकला, एक उजवीकडे. बोट बुडवून राहीच्या डोळ्यांना पाणी लावलं, उरलेलं मुक्ताच्या पायांवर आणि दगडावर ओतलं. मग बाजूला सरकून, कुणी शिकवलं नसताना म्हणाली, “ये गं बाई, आपल्या घरात ये.”

राही खेळण्यांच्या दुकानात गेली. घरात शिरावं तर असं शिरावं, चोहोकडे बाहुल्या! तिनं पहिला खुळखुळा पकडला तो सोडेचना. “राहू द्या,” दया म्हणाली. “पहिल्यांदा आलेलं लेकरू. रिकामं कसं धाडू?”

तेवढ्यात कोट घातलेला मॅनेजर आला. त्याला भाकरीचे तुकडे दिसले.

“हा कचरा कोणी केला? भाकरी आत आलीच कशी?”

फाटकावर रंगनाथ धरणाकडे बघत होता.

“म्या आनली,” कडूबाई उंबऱ्यावर पाय सोडून बसत म्हणाली.

“आजी, उठा. ही गिऱ्हाइकांची पायरी आहे.”

“पायरी न्हाई, उंबरा हाय. पानी हितवर येनार म्हनून उठवलं आमाला. बगा, दगूड भिजलाय का?” तिनं बोटानं दाखवलं. “भिजलाय! पन ते पानी धरनानं न्हाई आनलं. माझ्या लेकानं आनलं, ह्या तांब्यातनं.” तिनं तो अंगठ्याएवढा तांब्या मॅनेजरच्या नाकापुढे धरला. काळ्या चष्म्यातली एक बाई फिसकन हसली, मग तिनं तोंडाला पदर लावला.

मॅनेजरनं कॉलर सैल केली. “मला काय ठाऊक, आजी? मी नोकर माणूस. हे वरच्या साहेबांना विचारावं लागेल.”

“मग इचारून या. पानी कुठवर येनार हुतं अन् कुठवर आलं, एवढंच इचारा. आमाला घाई न्हाई, आज आमी घरातच हाओत. मुक्ते, लेकराला पाज.”

मुक्ता बाहुल्यांमध्ये मांडी घालून बसली. दयानं तिला पाठीशी उशी म्हणून कापडी हत्ती दिला.

तर वरचे साहेब, निरोप एव्हाना पोचला असेल. ती रेघ तुमची होती. पाणी कुठवर आलं? बाई उंबऱ्यावर बसलीय. उत्तर द्या.